मॅग्निट्यूड आणि इंटेन्सिटी : भूकंपाची दोन वेगळी मापे

भूकंपाच्या संदर्भात इंग्रजीतले ‘मॅग्निट्यूड’ आणि ‘इंटेन्सिटी’ हे शब्द समानार्थी समजले जातात. प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. जमिनीखाली खडक सरकून झालेल्या भूकंपाचा मूळ आकार म्हणजे मॅग्निट्यूड. त्या भूकंपाचा एखाद्या ठिकाणी जाणवलेला जोर म्हणजे इंटेन्सिटी. मराठी बातम्यांत दोन्हींना ‘तीव्रता’च म्हणतात, त्यामुळे गोंधळ वाढतो. पुढे मॅग्निट्यूडसाठी ‘परिमाण’ आणि इंटेन्सिटीसाठी ‘तीव्रता’ असे शब्द योजले आहेत.

गैरसमज : एका भूकंपाची तीव्रता सगळीकडे सारखीच असते.
वस्तुस्थिती : सारखे असते ते परिमाण. दिवा किती वॅटचा हे ठरलेले असते, पण उजेड जवळ जास्त आणि लांब कमी पडतो, तसेच हे आहे. २६ जानेवारी २००१ रोजी झालेल्या भुजच्या भूकंपाचे परिमाण ७.७ होते. भुज-भचाऊ परिसरात गावेच्या गावे कोसळली, तर मुंबईत फक्त धक्का जाणवला. मात्र तीव्रता केवळ अंतरावर ठरत नाही. जमीन खडकाळ की गाळाची, भूकंप किती खोलीवर झाला, यावरही ती अवलंबून असते. गाळाच्या मऊ थरात हादरे वाढतात.

गैरसमज : ‘रिश्टर’ हे भूकंप मोजायचे यंत्र आहे.
वस्तुस्थिती : यंत्राचे नाव भूकंपमापक. रिश्टर ही त्याच्या नोंदींवरून परिमाण काढण्याची पद्धत असून, चार्ल्स रिश्टर यांनी ती १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियातील भूकंपांसाठी मांडली. फार मोठ्या भूकंपांचा आकार तिने नीट मोजता येत नाही. म्हणून आता मोठ्या भूकंपांसाठी ‘मोमेंट मॅग्निट्यूड’ वापरतात. खडकांचा किती मोठा पृष्ठभाग, किती अंतर सरकला आणि ते खडक किती ताठर होते, यावरून ते काढले जाते. तरीही बोलण्यात ‘रिश्टर’ हे नाव टिकून आहे.

गैरसमज : दोन्ही मापांची कमाल मर्यादा १० आहे.
वस्तुस्थिती : परिमाणाच्या मापाला ठरवून दिलेली कमाल मर्यादा नाही. आजवर नोंदला गेलेला सर्वांत मोठा भूकंप २२ मे १९६० रोजी चिलीमध्ये झाला. त्याचे परिमाण ९.५ होते. तीव्रतेच्या मर्केली मापाला मात्र १ ते १२ अशा ठरलेल्या पायऱ्या असून त्या रोमन अंकांत लिहितात. खालच्या पायऱ्यांवर धक्का जेमतेम जाणवतो, मधल्या पायऱ्यांवर भांडी खडखडतात, भिंतींना तडे जातात आणि शेवटच्या पायरीवर सर्वनाश होतो. एखाद्या ठिकाणची पायरी लोकांचे अनुभव आणि पडझडीची पाहणी यांवरून ठरवतात.

गैरसमज : ६ आणि ७ परिमाणांत फारसा फरक नाही.
वस्तुस्थिती : परिमाण एका अंकाने वाढले की भूकंपमापकावरील कंपनांचा आयाम दहापट होतो आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. दोन अंकांच्या फरकाने ऊर्जा हजारपट वाढते.

गैरसमज : परिमाण जितके मोठे, तितकी हानी मोठी.
वस्तुस्थिती : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला झालेल्या भूकंपाचे परिमाण ६.२ होते आणि त्यात हजारो माणसे दगावली. १ एप्रिल २०१४ रोजी उत्तर चिलीतील इकीकेजवळ झालेल्या भूकंपाचे परिमाण ८.२ होते, तरी मृतांचा आकडा दहाच्या आत राहिला. किल्लारीचा भूकंप कमी खोलीवर आणि ऐन वस्तीच्या भागात झाला. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांचा भार झोपेतल्या लोकांवर कोसळला. चिलीतला भूकंप समुद्राखाली झाला होता आणि तिथे भूकंपरोधक बांधकामाचे नियम बऱ्याच काळापासून कडकपणे पाळले जातात.

गैरसमज : भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा तिथे किती परिमाणाचा भूकंप होईल हे सांगतो.
वस्तुस्थिती : भारतात अशी क्षेत्रे ठरवताना एखाद्या भागात किती तीव्रतेचे हादरे बसू शकतात हे पाहिले गेले. भूकंप कधी आणि केवढा होईल, याचे भाकीत त्यात नसते. किल्लारीचा भाग पूर्वी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता. २००२ च्या सुधारित नकाशात पहिले क्षेत्र रद्द झाले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेले. इमारतीचा आराखडा करताना अभियंते त्या जागेचे क्षेत्र आणि जमिनीचा प्रकार, दोन्ही विचारात घेतात.