पावले मोजणारा मोबाइल आणि घरातली गुपिते

शाळा सुटल्यावर मैदानाला फेऱ्या मारायच्या, असे आम्ही चौघी शिक्षिकांनी ठरवले. एकीची शुगर वाढलेली, दुसरीचे गुडघे कुरकुरणारे. पावले मोजण्यासाठी चौघींनी एकच फुकटचे ॲप घेतले. त्याने वय विचारले, वजन विचारले, पाळीच्या तारखाही विचारल्या. डॉक्टरांसमोर जे सांगताना आवाज खाली जातो, ते आम्ही मोबाइलला बिनदिक्कत सांगून टाकले.

आमच्यातल्या धाकट्या मैत्रिणीला त्या हिवाळ्यात दिवस गेले. तिने तेही ॲपमध्ये नोंदवले. तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला. ही गोष्ट तिचा नवरा आणि आम्ही तिघी, एवढ्यांनाच ठाऊक होती. महिनाभराने गावाहून आलेल्या सासूबाईंनी हसून विचारले, "बेटा, काही खुशखबर आहे का?" दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ती आम्हाला म्हणाली, "तुमच्यापैकी कुणी बोललं का त्यांच्याशी?" आम्ही तिघी गप्प झालो. कुणीच बोलले नव्हते, तरी एकमेकींकडे संशयाने पाहिले.

उलगडा नंतर झाला. सासूबाई सुनेच्या मोबाइलवर रेसिपी पाहत असत आणि मध्ये मध्ये पाळणे, डायपर, झबली यांच्या जाहिराती येत. त्यावरून त्यांनी अंदाज बांधला होता. त्या जाहिराती त्याच ॲपमुळे आल्या, असे आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण अशी ॲप्स काय करू शकतात, हे सरकारी चौकशांतून उघड झाले आहे.

अमेरिकेतले फ्लो प्रकरण पाहा. पाळी आणि गरोदरपणाची नोंद ठेवणारे हे ॲप दहा कोटींहून अधिक जणींनी वापरलेले. तुमची माहिती आमच्याकडे सुरक्षित, असे कंपनीचे आश्वासन होते. 2019च्या फेब्रुवारीत 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने बातमी दिली की, ही माहिती फेसबुककडे जाते आहे. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने चौकशी केली. फेसबुक आणि गुगलसह अनेक कंपन्यांच्या विश्लेषण विभागांकडे बायकांच्या आरोग्याची माहिती पोहोचली होती, असा ठपका आयोगाने ठेवला. 2021मध्ये समझोता झाला. यापुढे बाईची संमती घेतल्याशिवाय तिच्या आरोग्याची माहिती कुणाला द्यायची नाही, असे बंधन कंपनीवर आले. कंपनीने चूक कबूल केली नाही. मात्र काही जणींनी खटला लढवला आणि 2025च्या ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील ज्यूरीने फेसबुकची मालक कंपनी मेटा हिच्याविरुद्ध कौल दिला.

हे घडते कसे? ॲप बनवणारे सगळा प्रोग्राम स्वतः लिहीत नाहीत. मोठ्या कंपन्यांचे तयार तुकडे त्यात बसवतात. आपण एखादे बटण दाबले की त्याची वर्दी त्या तुकड्यामार्फत त्या कंपनीकडे जाऊ शकते. वर्दीत आपले नाव नसले तरी चालते. प्रत्येक मोबाइलला जाहिरातींसाठी एक ओळख क्रमांक असतो आणि त्याच क्रमांकाने निरनिराळ्या ॲप्समधली माहिती जोडता येते. 2014मध्ये त्याच अमेरिकन आयोगाने आरोग्य आणि व्यायामाची फक्त 12 ॲप्स तपासली. त्यांतून 76 त्रयस्थांकडे माहिती जात होती. फुकटच्या ॲपची किंमत अशी वसूल होते.

आपल्याकडेही कायदा झाला आहे. 2017मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. 2023मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्याचे नियम 2025च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. अठरा वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवण्यास या कायद्यात मनाई आहे. पण कायदा घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर आपल्या हातात जे आहे, ते आपण करावे.

अँड्रॉइड मोबाइल असेल तर सेटिंग्जमध्ये गुगल, मग जाहिराती, या वाटेने जाऊन तो जाहिरात क्रमांक पुसून टाका. आयफोनवर ॲप्सना माग काढण्याची परवानगी मागण्यापासूनच रोखता येते. पावले मोजणाऱ्या ॲपला फोटो, संपर्क यादी, मायक्रोफोन यांची गरज नसते, त्या परवानग्या बंद करा. नको असलेले ॲप नुसते मोबाइलमधून काढू नका. आधी त्यातले खाते आणि माहिती मिटवा. मुलीच्या मोबाइलमधले ॲप पाहायचे असेल तर तिला सोबत घेऊन, विश्वासाने पाहा. आईने चोरून पाहिले, तर आई आणि कंपनी यांत फरक तो काय?

आमच्या मैत्रिणीने त्या ॲपमधले खाते मिटवले. आता ती कपाटातल्या छोट्या डायरीत पेन्सिलीने खूण करते. सासूबाईंना तिने एके दिवशी सगळे स्वतःहून सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी तिचे डोके मांडीवर घेतले. ही गोष्ट सांगायची केव्हा आणि कुणाला, हे ठरवण्याचा हक्क तिचा होता. ती इथे लिहायलाही तिनेच परवानगी दिली.

आम्ही चौघी अजूनही मैदानाला फेऱ्या मारतो आणि त्या बोटांच्या पेरांवर मोजतो.