ज्यांनी जर्मनीला जपानी चित्र दाखवले

२८ फेब्रुवारी १९३९ रोजी बर्लिनच्या संग्रहालय-बेटावर प्राचीन जपानी कलेच्या मोठ्या प्रदर्शनाचे उद्घाटन झाले, तेव्हा खुद्द हिटलर हजर होता. जपानने शंभराहून अधिक कलाकृती पाठवल्या होत्या. मंदिरांतून आणि सरदार घराण्यांतून शतकानुशतके जपलेली ही चित्रे आणि मूर्ती सहसा देशाबाहेर जात नसत. त्या वेळी त्या जर्मनीत आल्या त्यामागे राजकारण होते. १९३६ मध्ये दोन्ही देशांचा साम्यवादविरोधी करार झाला होता आणि नोव्हेंबर १९३८ मध्ये सांस्कृतिक करारावर सह्या झाल्या होत्या. वर्तमानपत्रांतून प्रदर्शनाचा गाजावाजा झाला, गर्दी लोटली. मात्र जर्मन माणसाला जपानी चित्र कसे पाहावे हे ज्यांनी तीस वर्षे शिकवले, त्यांतल्या काही जणांना तोवर पदावरून, तर काहींना देशातूनच घालवून दिलेले होते.

हे शिकवणे सोपे नव्हते, कारण जपानी चित्रगुंडाळी युरोपीय चित्रासारखी भिंतीवर टांगून पाहायची नसतेच. कागदाचे किंवा रेशमाचे तुकडे जोडून केलेली ही पट्टी साधारण वीतभर-दीड वीत रुंद आणि कित्येक मीटर लांब असते. ती जमिनीवर किंवा बुटक्या मेजावर ठेवायची, डाव्या हाताने उलगडायची आणि पाहून झालेला भाग उजव्या हाताने गुंडाळत जायचे. एका वेळी दोन हातांत मावेल तेवढेच दिसते. कथा उजवीकडून डावीकडे सरकते. एकच माणूस एकाच देखाव्यात दोन-तीनदा दिसला तर तो काळ पुढे सरकल्याचा संकेत असतो.

बाराव्या शतकातली गेंजीच्या कथेची गुंडाळी या प्रकारातली सर्वांत नावाजलेली. तिचे उरलेले भाग नागोया आणि तोक्योच्या संग्रहालयांत आहेत. तिच्यातले एक दृश्य फार बोलके आहे. घराचे छप्परच काढून टाकल्यासारखे आपण तिरकस वरून आत पाहतो. एका स्त्रीचे लांबसडक केस दासी विंचरते आहे. समोर बसलेली तरुणी उकिफुने चित्रे पाहते आहे आणि दुसरी दासी त्या चित्रांची कथा तिला वाचून दाखवते आहे. चेहरे जवळजवळ कोरे आहेत, डोळ्यांच्या जागी एक रेघ आणि नाकाच्या जागी छोटा आकडा. भाव सगळा वस्त्रांच्या घडीत, पडद्यांच्या तिरक्या रेषांत आणि माणसामाणसांतल्या अंतरात. आठ-नऊशे वर्षांपूर्वी चित्रकथा कशी अनुभवली जाई, ते त्या काळच्या चित्रकारानेच इथे सांगून ठेवले आहे. एकाने पाहायचे, दुसऱ्याने वाचायचे. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या चित्रकथीचा खेळ ज्यांनी पाहिला असेल, त्यांना यात परके काही वाटणार नाही. तिथेही पोथीतले एकेक पान समोर धरले जाते आणि कथेकरी गात-सांगत जातो.

जर्मनीतल्या कोलोनमध्ये ही दृष्टी रुजवली ती आडोल्फ फिशर आणि त्यांची पत्नी फ्रीडा यांनी. आडोल्फ मूळचे व्हिएन्नाचे, जन्म १८५६ चा. फ्रीडा त्यांच्याहून अठरा वर्षांनी लहान, बर्लिनच्या. दोघांनी जपान आणि चीनमध्ये दीर्घकाळ राहून मंदिरे आणि जुने संग्रह पाहिले, जाणकारांकडून शिकून घेतले आणि मग खरेदी केली. जपानी हौसेची लाट तेव्हा युरोपात होतीच, पण ती बहुतांशी रंगीत ठसेचित्रे, पंखे आणि फुलदाण्यांपाशी थांबणारी होती. फिशर दांपत्याने बौद्ध चित्रे, पडदे आणि मूर्ती यांना केंद्रस्थानी ठेवले. १९०९ मध्ये त्यांनी कोलोन नगरपालिकेशी करार केला आणि २५ ऑक्टोबर १९१३ रोजी पूर्व आशियाई कलेचे संग्रहालय उघडले. केवळ या कलेसाठी बांधलेली युरोपातली ती पहिली इमारत. आतली मांडणी व्हिएन्नाच्या योसेफ फ्रांक या वास्तुकाराची होती. सहाच महिन्यांत आडोल्फ वारले आणि पुढची दोन दशके संग्रहालय फ्रीडा यांनी सांभाळले. त्या काळी एखाद्या स्त्रीने सार्वजनिक संग्रहालयाचे संचालकपद भूषवणे ही विरळा गोष्ट होती.

पुढे त्यांनी आल्फ्रेड विरुशोवस्की या कायदेतज्ज्ञाशी विवाह केला. ते ज्यू वंशाचे होते. एवढ्या कारणावरून नाझी राजवटीत, १९३७ मध्ये, फ्रीडा यांना स्वतः उभारलेल्या संग्रहालयाबाहेर काढण्यात आले. त्यांची जपानची रोजनिशी १९३८ साली पुस्तकरूपाने आली. १९४५ साली बर्लिनमध्ये पती-पत्नी दोघांचाही अंत झाला.

बर्लिनची कथा याहून बोचरी आहे. तिथला पूर्व आशियाई विभाग १९०६ चा. तो उभा केला ऑटो क्युमेल यांनी. ते गाढ्या अभ्यासाचे, जपानमध्ये राहून आलेले विद्वान. विल्यम कोन यांच्यासह त्यांनी १९१२ पासून पूर्व आशियाई कलेचे नियतकालिक चालवले. कोन ज्यू होते. १९३८ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले आणि ऑक्सफर्डने त्यांच्या ज्ञानाचा उपयोग करून घेतला. पूर्व आशियाच्या कलेवर १९१३ मध्येच ग्रंथ लिहिणारे कुर्ट ग्लाझर १९३३ मध्ये बर्लिनमधल्या पदावरून गेले, देश सोडून गेले. क्युमेल मात्र नाझी पक्षात गेले आणि बर्लिनच्या सरकारी संग्रहालयांचे महासंचालक झाले. परदेशांतून जर्मनीने 'परत' घ्यायच्या कलाकृतींची यादी १९४० मध्ये त्यांनीच केली. त्यांची विद्वत्ता खोटी नव्हती. म्हणूनच त्यांचा दोष मला अधिक मोठा वाटतो. आपण काय करतो आहोत हे न कळण्याइतके ते अडाणी नव्हते.

जपानहून आलेल्या कलाकृती प्रदर्शनानंतर मायदेशी परतल्या. बर्लिनचा स्वतःचा संग्रह मात्र वाचला नाही. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याने त्यातला सुमारे ९० टक्के भाग उचलून नेला. नेलेल्यापैकी जे शिल्लक आहे ते आजही सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये आहे. इतरांच्या वस्तूंची यादी करणाऱ्याचे स्वतःचे भांडार असे रिकामे झाले. आज बर्लिनच्या हुंबोल्ट फोरममध्ये जे दिसते, ते बहुतांशी युद्धानंतर नव्याने जमवलेले आहे.

कोलोनची जुनी इमारत १९४४ च्या बॉम्बहल्ल्यांत गेली. संग्रह आधीच हलवला होता म्हणून वाचला. १९७७ मध्ये आखेनर वायर या तळ्याकाठी नवी वास्तू उभी राहिली. कुनिओ माएकावा तिचे वास्तुकार. तरुणपणी ते पॅरिसमध्ये ल कॉर्ब्युझिए यांच्याकडे काम शिकले होते. मधली बाग शिल्पकार मासायुकी नागारे यांची आहे. युरोपात जपानी कलेसाठी याहून शांत आणि नेमकी जागा मला ठाऊक नाही.

जाणाऱ्यांना एक सांगायला हवे. खनिज रंग, शिंपल्यांच्या चुन्याचा पांढरा आणि प्राण्यांच्या सरसाने बांधलेले थर उलगडताना तडकतात, रेशीम आणि कागद उजेडाने खराब होतात. म्हणून दालनांत प्रकाश मंद असतो आणि काही आठवड्यांनी चित्रे बदलून परत पेटीत जातात. एखादी ठरावीक गुंडाळी पाहायची असेल तर ती त्या दिवसांत बाहेर काढलेली आहे का हे आधी विचारून घ्या, सोमवार टाळा, आणि काचेच्या उजव्या टोकापासून सुरुवात करा.