मलमाची भीती : किती खरी, किती खोटी?

तुमच्या घरी किंवा शेजारी एखादे लहान मूल असे असेल, की ज्याच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत लाल, कोरडे चट्टे उठतात. रात्री खाज वाढते. मूल रक्त येईपर्यंत खाजवते. त्याला झोप नाही नि आईलाही नाही. हा आजार म्हणजे इसब. डॉक्टर मलम लिहून देतात. तेवढ्यात कोणीतरी म्हणते, "अहो, त्यात स्टिरॉइड आहे!" झाले! मलमाची नळी कपाटात जाते आणि मूल खाजवतच राहते.

ही भीती योग्य आहे का? चला, पाहू या.

स्टिरॉइड हे एका औषधाचे नाव नव्हे. ते संयुगांच्या एका मोठ्या कुटुंबाचे नाव आहे. स्नायू वाढवण्यासाठी काही खेळाडू चोरून घेतात ती स्टिरॉइडे वेगळी. इसबाच्या मलमातील स्टिरॉइडे कॉर्टिसॉल या संप्रेरकाच्या नात्यातली असतात. आणि कॉर्टिसॉल तर आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोजच तयार करतात.

मलम करते तरी काय? त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा, तर स्निग्ध पदार्थ हा चुना. इसब होणाऱ्या मुलांत ही भिंत कच्ची असते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातील दोष हे त्याचे एक कारण असल्याचे २००६ साली दिसून आले. कच्च्या भिंतीतून ओलावा बाहेर जातो, साबण आणि धूळ आत शिरतात. शरीराची संरक्षणव्यवस्था खवळते, दाह होतो, खाज सुटते. खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. स्टिरॉइड पेशीत शिरून दाह वाढवणाऱ्या जनुकांना आवर घालते आणि हे दुष्टचक्र तोडते. १९५२ साली अमेरिकेत सल्झबर्गर व विटन यांनी त्वचेच्या रोगांवर हायड्रोकॉर्टिसोनचे मलम लावून त्याचा गुण दाखवून दिला.

मग भीती आली कोठून? ती अगदीच निराधार नाही. या मलमांत सौम्यही आहेत आणि अतितीव्रही. तीव्र मलम महिनोन्‌महिने लावले तर त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. जागेनेही फरक पडतो. १९६७ साली झालेल्या मोजणीत कपाळाच्या त्वचेतून हायड्रोकॉर्टिसोन हाताच्या त्वचेपेक्षा सुमारे सहापट शोषले गेले. आपल्याकडे तर गोरे दिसण्यासाठी, नाहीतर नायट्यावर, दुकानातून अशी मलमे परस्पर आणून लावतात. नायटा बुरशीने होतो. स्टिरॉइडने त्याची लाली तेवढी झाकते, बुरशी मात्र फोफावते. म्हणूनच २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली.

पण भीतीने औषध फारच कमी लावणे हीसुद्धा चूकच. चिमूटभर मलम लावून दोन दिवसांत थांबले की दाह अर्धवट विझतो आणि पुन्हा भडकतो. मग मलम पुन्हा पुन्हा लागते!

यासाठी एक सोपे माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, घडीपासून टोकापर्यंत, नळीतून मलमाची एक रेघ काढा. हे झाले साधारण अर्धा ग्रॅम. मोठ्या माणसाचे दोन तळवे, बोटांसह, ठेवले तर जेवढी जागा झाकली जाईल, तेवढ्या जागेला ते पुरते. शिवाय ओलावा टिकवणारे साधे मलम रोज लावायचेच; कच्च्या भिंतीची ती डागडुजी होय.

तेव्हा मित्रांनो, घरात हा प्रश्न निघाला तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारायला सांगा : मलम सौम्य की तीव्र? कोठे लावायचे? किती? आणि किती दिवस? विस्तवाला घाबरून कोणी चूल विझवत नाही आणि विस्तव पदरातही बांधत नाही. औषधाचेही तसेच आहे.