रासबेरीचा हंगाम आणि घरची गव्हाची बिअर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकी ओरेगॉन येथे, समुद्रालगतची डोंगररांग आणि पूर्वेकडचा कॅस्केड पर्वत यांच्या दरम्यान विलामेट नदीचे जे विस्तीर्ण खोरे आहे, त्यात जून सरता सरता रासबेरी पिकू लागते, आणि ज्या गृहस्थांना घरी बिअर करण्याचा नाद आहे त्यांची गव्हाच्या बिअरची तयारी त्याच सुमारास सुरू होते. या पेयाला लागणारे बहुतेक साहित्य त्या मुलखात शेजारीशेजारी नांदते: उंच तारांवर चढवलेल्या हॉपच्या वेली, रासबेरी व तिच्या जातभाईंच्या लांबच लांब ओळी, आणि पर्वत ओलांडून पलीकडे गेले की गव्हाचा कोरडवाहू प्रदेश. ज्या कॅस्केड नावाच्या हॉपच्या चकोतऱ्यासारख्या वासावर अमेरिकेतील नव्या बिअरची सारी कीर्ती उभी राहिली, तो वाणही १९७२ साली येथल्याच कॉर्व्हॅलिस गावच्या संशोधनातून बाहेर पडला.

खोऱ्याच्या उत्तर टोकाला पोर्टलंड शहर आहे. तेथील विडमर बंधूंच्या लहानशा कारखान्यात १९८६ साली आंबवण्याची पात्रे दोनच होती आणि एक मद्यगृहवाला तर तिसऱ्या प्रकारच्या बिअरची मागणी करीत होता. तेव्हा त्यांनी आपलीच गव्हाची बिअर न गाळता, यीस्टसकट गढूळ अशी धाडून वेळ निभावून नेली, आणि ती गढूळ बिअरच लोकांना इतकी मानवली की पुढे अमेरिकन हेफेवायझेन म्हणून तिचा एक स्वतंत्र संप्रदाय झाला. बव्हेरियातील जाणकार तिच्याकडे पाहून नाक मुरडतात, कारण त्यांच्याकडील खास यीस्ट आंबताना केळ्याचा व लवंगेचा जो वास निर्माण करते तो हिच्यात औषधालाही सापडत नाही. आक्षेप खरा आहे. परंतु ज्याला बिअरमध्ये ताजे फळ घालावयाचे आहे त्याच्या दृष्टीने ही उणीव नसून सोय आहे, कारण केळे आणि लवंग आधीच ठाण मांडून बसलेल्या पात्रात रासबेरीने आपला आवाज ऐकवावा कसा?

गहू आणि बिअर यांचा संबंध मात्र निर्वेधपणे कधीच चालला नाही. १५१६ साली बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे जे प्रसिद्ध फर्मान काढले, त्यात बिअरला जव, हॉप आणि पाणी यांखेरीज काहीही वापरण्याची मनाई होती. गहू पाववाल्यांसाठी शिल्लक राहावा हा त्यामागील हेतू सांगितला जातो. पण सरकारी मनाई आणि सरकारी सनद या पुष्कळदा एकाच दप्तरात सुखाने राहतात. डेगेनबर्ग नावाच्या सरदार घराण्याला गव्हाच्या बिअरचा मक्ता खास सनदेने मिळाला, १६०२ साली ते घराणे निर्वंश होताच तो मक्ता खुद्द ड्यूक माक्सिमिलिआनने खालसा करून आपल्याकडे घेतला, आणि जी वस्तू आजवर निषिद्ध होती तिच्या महसुलावर त्याचा खजिना भरू लागला. ही राजकीय मक्तेदारी सर्वसामान्य कारखानदारासाठी खऱ्या अर्थाने सैल झाली ती १८७२ साली, गेओर्ग श्नायडर या म्युनिकच्या गृहस्थाने राजा दुसरा लुडविग याच्याकडून गव्हाची बिअर करण्याचा हक्क मिळवला तेव्हा.

अमेरिकेतही गृहस्थाला परवानगी मिळण्यास विलंबच लागला. १९२० ते १९३३ हा दारूबंदीचा अंमल उठला तेव्हा घरी द्राक्षासव करण्याची मुभा मिळाली, पण घरच्या बिअरचा उल्लेख कायद्यातून राहून गेला. ती चूक दुरुस्त होऊन राष्ट्राध्यक्ष कार्टर यांची सही होण्यास १४ ऑक्टोबर १९७८ हा दिवस उजाडावा लागला. त्या कायद्यान्वये एका प्रौढ व्यक्तीला वर्षाकाठी १०० गॅलन, आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घराला २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७६० लिटर बिअर स्वतःच्या वापरासाठी करता येते. भट्टी लावून मद्य गाळण्याची मुभा त्यात नाही. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून घरी बिअर करणे हाही गुन्हाच आहे, तेव्हा महाराष्ट्रातील वाचकाने पुढील कृतीचा आस्वाद डोळ्यांनीच घ्यावा हे बरे.

माझा भाचा त्या खोऱ्यात राहतो आणि घरामागच्या अंगणात ५ गॅलनचा, म्हणजे १९ लिटरचा घाणा घालतो. सव्वादोन किलो गहू व तितकाच जव, दोन्ही मोड आणून वाळवलेले आणि भरडलेले, हे त्याचे प्रमाण. भरड ६६ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवलेल्या पाण्यात तासभर भिजत राहते, आणि त्या अवधीत धान्यातील पिष्टाची साखर होते. येथवर गहू आणि जव यांच्यात भेद नाही. भेद दिसतो तो रस काढताना. जवाला टरफल असते, ते तळाशी बसून आपोआप गाळणी होते. गव्हाला तसे टरफल नाही, त्यामुळे त्याचा चिकट लगदा बसतो आणि रसाची वाट बंद होते. यावर तोड म्हणून भाच्याने मूठमूठ भाताचे तूस भरडीत कालवले. आपल्याकडे वीटभट्टीवाल्याच्या गाडीत जाणारे हे तूस तेथे स्वच्छ धुऊन, पिशवीत भरून दुकानात विकायला ठेवलेले असते, हे पाहून मी चकित झालो. "मामा, हे नसते ना, तर आपण रात्रीपर्यंत या तोटीकडे बघत बसलो असतो," तो म्हणाला. तोटीतून आधी गढूळ, पांढुरका रस सुताएवढ्या धारेने आला. तो त्याने दोनतीनदा पुन्हा वरून ओतला, आणि मग तीच धार मधाच्या रंगाची होऊन वाहू लागली. त्या रसाला तासभर उकळी, उकळीच्या आरंभी थोडासाच हॉप, मग तांब्याच्या वेटोळ्यातून थंड पाणी खेळवून त्वरेने निववणे आणि यीस्ट घालून झाकणे. हा भाग सर्वत्र सारखाच असल्याने तपशिलात शिरत नाही. एवढेच सांगतो की उकळीनंतर रसाला स्पर्श करणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी, आणि या बाबतीत भाचा आमच्या आजीच्या सोवळ्याहूनही कडक आहे.

आता फळ. नवशिका येथे फसतो तो गोडीच्या अपेक्षेने. फळातील साखर यीस्टला इतर साखरेइतकीच प्रिय असल्याने ती सर्व खाऊन टाकते, आणि मागे राहतात फळाचे आम्ल, रंग आणि वास. म्हणून जे फळ नुसते गोड आहे ते बिअरमध्ये जवळजवळ नाहीसे होते आणि जे आंबट व उग्र सुगंधी आहे तेच टिकते. रासबेरीचे महत्त्व यात आहे. १९ लिटरला दोन किलो रासबेरी पुरते, तर पीच तिच्या दुप्पट घालूनही कुजबुजतच राहतो. स्ट्रॉबेरीची लाली आणि वास दोन्ही लवकर विटतात. फळ उकळत्या रसात टाकू नये, कारण त्यातील पेक्टिन मोकळे होऊन बिअर कायमची गढुळते आणि वास वाफेबरोबर जातो. आंबण्याच्या आरंभीही टाकू नये, कारण पहिल्या उसळीतला वायू तोच वास बाहेर घेऊन जातो. आठवडाभराने उसळी ओसरल्यावर, तोवर तयार झालेल्या मद्यार्काच्या आश्रयाने जंतूंचे भय पुष्कळ कमी झालेले असता, आधी गोठवून मग विरघळू दिलेली रासबेरी घालावी. गोठण्याने फळाच्या पेशी फुटतात आणि रस सहज सुटतो. भाच्याने झाकण उघडले तेव्हा फळे पांढुरकी होऊन वर तरंगत होती. त्यांचा सारा रंग खालच्या बिअरमध्ये उतरला होता.

बाटल्या भरण्याची घाई हा या उद्योगातील एकमेव खरा धोका होय. फळाची साखर संपली नसताना बाटली बंद केली तर आतला वायू काच फोडतो, आणि ती काच कोणाला लागेल याचा नेम नाही. म्हणून आरंभी १.०४८ असलेली घनता १.०१० च्या जवळ येऊन दोनतीन दिवस तेथेच स्थिर राहिली असे घनतामापकावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग लिटरमागे सहासात ग्रॅम साखर घालून भरलेल्या बाटल्या दोन आठवडे घराच्या ऊबेत ठेवल्या की फेस तयार होतो.

त्या भागातील मराठी घरांत हापूसच्या रसाचे डबे भारतीय किराणा दुकानातून येतात, आणि ते बिअरमध्ये घालण्याचा मोह साहजिक आहे. मी ती बिअर चाखली. गोडी गेलेला हापूस हा आमरसावर वाढलेल्या जिभेला परकाच वाटतो. अमेरिकन पाहुण्यांनी मात्र, ज्यांना आमरसाची आठवण नव्हती, तिची तोंडभर स्तुती केली. भाच्याच्या मते दोन्ही निकाल बरोबर आहेत. रासबेरीच्या बिअरबद्दल असा मतभेद झाला नाही. गव्हाच्या बिअरच्या पेल्याला लिंबाची फोड लावण्याची जी चाल अमेरिकेतील मद्यगृहांत आहे ती साध्या बिअरपुरती ठीक; रासबेरीच्या बिअरला लिंबू लावू नये, आंबटात आंबट मिसळून दोहोंचाही वास मारला जातो.