एकट्याने जर्मनीला शिकायला जाताना

पैसा : व्हिसासाठी बहुतेकांना ‘ब्लॉक्ड अकाउंट’ उघडावे लागते. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो भरायचे. महिन्याला मिळतात ९९२.

कागद : भारतीय पदवी तपासून मिळणारे एपीएस प्रमाणपत्र आधी काढा, त्यात वेळ जातो. मूळ कागदपत्रे हातातल्या बॅगेत, स्कॅन प्रती घरच्यांकडे.

घर : राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी सक्तीची. त्यासाठी घरमालकाचे लेखी पत्र लागते. भाडे ठरवतानाच ते मागा.

डबा : गोडा मसाला, मेतकूट खुशाल न्या. साजूक तूप, पनीर, खवा मात्र नको. युरोपीय संघाबाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

औषधे : नेहमीच्या गोळ्या, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी. आरोग्य विम्याशिवाय विद्यापीठात प्रवेश पक्का होत नाही.

पहिला रविवार : दुकाने बंद असतात. शनिवारी रात्री उतरणार असाल, तर दोन वेळचे खाणे जवळ ठेवा.

मागे राहिलेले : बँकेची कामे पाहायला विश्वासातल्या माणसाला मुखत्यारपत्र द्या. आपत्कालीन क्रमांक ११२ पाठ करा. आणि अडचण आली, तर विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विभागात पहिल्याच दिवशी जा. मदत मागायला संकोच करू नका.