उसाच्या चरकास स्प्रिंगचा आधार

गळिताचा हंगाम सुरू झाला की गुऱ्हाळघरातील सर्वांचे लक्ष काहिलीकडे लागते; चरकाकडे ते क्वचितच जाते. वस्तुतः चरकात न निघालेला रस चिपाडाबरोबर चुलवाणात जातो आणि ओले चिपाड नीट जळतही नाही. शेतकऱ्याचे नुकसान असे दुहेरी होते.

१८७० नंतरच्या दशकात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन व मिल्न यांनी लोखंडी लाटांचा बैलचरक तयार केला आणि जुने लाकडी घाणे मागे पडू लागले. परंतु लाटांमधील फट कायमची आवळलेली असल्यास एक अडचण राहतेच. एखादेच कांडे आले तर फट मोठी पडून रस उरतो. मोळी एकदम सारली किंवा उसाबरोबर दगड आला, तर आस वाकतो अथवा चक्रांचे दाते तुटतात.

यावर उपाय म्हणजे एका लाटेच्या आसाची दोन्ही बेअरिंगे सांगाड्यात सरकती ठेवून प्रत्येकीमागे मजबूत स्प्रिंग बसविणे. फट प्रथम लहान ठेवता येते आणि भार वाढताच लाट किंचित मागे सरते.

स्प्रिंगची निवड अंदाजाने करू नये. समजा, एक स्प्रिंग १ सेंटीमीटर दाबण्यास २०० किलो भार लागतो. दोन्ही स्प्रिंगा नटाने २ सेंटीमीटर दाबून ठेवल्यास एकूण दाब ८०० किलो होतो. त्याहून अधिक जोर आल्याखेरीज लाट हलत नाही. ती ५ मिलिमीटर सरकली म्हणजे दाब १,००० किलोंवर जातो.

बसविताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

१. दोन्ही स्प्रिंगांची दाबलेली लांबी मोजून सारखी ठेवावी; अन्यथा लाट तिरपी होते.

२. लाट पूर्ण सरकली तरी स्प्रिंगचे वेढे एकमेकांस टेकू नयेत. ते टेकले की स्प्रिंग व ठोकळा यांत भेद उरत नाही.

३. लाटा एकमेकींस घासू नयेत म्हणून अडणी ठेवावी.

४. लाट सरकली असतानाही चक्रांचे दाते पुरेसे गुंतलेले राहिले पाहिजेत.

५. दाबलेल्या स्प्रिंगचा नट चरक बंद करून, सावकाश सैल करावा.

स्प्रिंग यंत्रास वाचविते, मनुष्याच्या हातास नव्हे, हे मात्र विसरता कामा नये. बोटे चिरडण्यास लागणारा जोर स्प्रिंग दबण्याच्या कितीतरी आधीच येतो. म्हणून ऊस सारण्याच्या तोंडाशी लांब पन्हळ व आडोसा असलाच पाहिजे, आणि ऊस सारणाऱ्याने सैल बाह्यांचा सदरा घालू नये.

ग्रामसेवकांनी हंगामापूर्वी गावातील चरकांची या दृष्टीने पाहणी करावी. चिपाड मुठीत पिळून पाहावे. हातास रस लागला, तर दुरुस्ती कोठे हवी ते शेतकऱ्यास वेगळे सांगावे लागणार नाही.