सोनं सोसतं, मोती सोसत नाही

गणेशचतुर्थी म्हणजे चवथ जवळ आली की गोव्यातल्या सुर्ल्यात घरोघरी समया घासायला निघतात. डिचोलीच्या कांसारांच्या हातची पितळी समई चिंचेच्या कोळाने किंवा सोलांच्या पाण्याने घासली की लख्ख होते. मग त्याच उरलेल्या कोळात नथ आणि पोवळ्यांची माळही पडते. वर्षभर पेटीत जपलेल्या दागिन्याचं खरं नुकसान होतं ते इथे.

‘जे पितळेला चालतं ते दागिन्यालाही चालतं’ हा समज सगळ्यांत महागात पडतो. पितळेवरचा काळपटपणा आंबटाने विरघळतो, म्हणून चिंच तिथे उपयोगी. मोती आणि पोवळं मात्र मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचं असतं. तिसऱ्यांच्या शिंपल्या भाजून चुना करतात, त्या शिंपल्यांतही हेच असतं. चिंच, लिंबू, व्हिनेगर यांतलं आम्ल ते खातं. मोत्याची झळाळी त्याच्या वरच्या पातळ थरांत असते. ती एकदा खरवडली गेली की कोणताही शेट, म्हणजे सोनार, ती परत आणून देऊ शकत नाही.

म्हणून नथ भिजत घालायचीच नाही. जुनं, धुऊन मऊ झालेलं मलमलचं फडकं साध्या पाण्यात बुडवून घट्ट पिळावं आणि एकेक मोती हलक्या हाताने पुसावा. तारेच्या वेढ्यांत अडकलेलं कुंकू ओलसर कापसाने टिपून घ्यावं. नंतर सुक्या फडक्यावर सावलीत ठेवावी. दोऱ्यात ओवलेली माळ असेल तर दोरा पूर्ण सुकेपर्यंत ती टांगू नये, आडवीच ठेवावी. ओला दोरा ताणला की सैल होतो.

दुसरी गोष्ट आपल्या भागातली. सुर्ला, वेळगे, पाळी या खाणपट्ट्यातली लाल धूळ किती बारीक फटीत शिरते हे इथल्या माणसाला सांगायला नको. ‘धूळच तर आहे, पदराने पुसली की झालं’ असं म्हणत आपण बांगडी खसाखसा पुसतो. पण या धुळीत लोहखनिजाबरोबर गारेचेही कण असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोस मापावर सोनं 2.5 ते 3 वर येतं, लोहखनिजातलं हेमेटाइट साधारण 5.5 ते 6.5 वर आणि गार 7 वर. म्हणजे कोरडं पुसणं हे सोन्याला खरखरीत कागद लावण्यासारखंच आहे. सोनार चकाकी आणायला वापरतात ती लाल पूड लोहाच्या ऑक्साइडचीच असते हे खरं, पण ती शुद्ध आणि अतिशय बारीक असते. रस्त्यावरची धूळ तशी नसते. साधा सोन्याचा दागिना आधी वाटीभर पाण्यात हलवावा, धूळ तळाशी बसू द्यावी आणि मगच त्याला हात लावावा.

टूथपेस्टचंही तेच. दातांवरचा थर काढायला तिच्यात घासणारी पूड घातलेली असते. सोन्यावर ती बारीक ओरखडे काढते. ‘चमक आली’ असं वाटतं, पण आपण वरचा पापुद्रा झिजवलेला असतो. एक ग्रॅमच्या दागिन्यावरचा तर मुलामाच निघून जातो. बांगड्या, पाटल्या, केसांत माळायची सोन्याची फुलं यांना कोमट पाणी, रिठ्याचा फेस किंवा सौम्य साबण आणि लहान मुलाचा मऊ ब्रश पुरतो. हे सगळं वाटीत करावं, उघड्या मोरीवर नव्हे.

‘गरम पाण्याने मळ चटकन सुटतो’ हे भांड्यांना ठीक. मंगळसूत्राच्या वाट्या पुष्कळदा आतून पोकळ असतात आणि त्यांत लाख भरलेली असते. उष्णतेने ती मऊ होते. बहुतेक पाचूंच्या भेगांत तेल भरलेलं असतं, ते गरम पाण्याने आणि कंपनांवर चालणाऱ्या सफाईच्या यंत्राने निघून जाऊ शकतं. हिरा बरंच सोसतो, मात्र तेलकटपणा फार लवकर धरतो. त्याला साबणाचं पाणी लागतंच.

‘चांदी काळी पडली, म्हणजे खोटी’ असंही ऐकू येतं. हवेतल्या गंधकाच्या वायूंमुळे अस्सल चांदीवरही काळा थर धरतो. ॲल्युमिनियमचा कागद, खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी तो न घासता उतरतो. खडे जडवलेल्या किंवा नक्षी उठून दिसावी म्हणून मुद्दाम काळ्या केलेल्या चांदीला मात्र हा उपाय करू नये.

शुद्ध सोनं गंजत नाही, पण दागिना शुद्ध सोन्याचा नसतो. 916 चा शिक्का म्हणजे हजारात 916 भाग सोनं. उरलेलं बहुधा तांबं आणि चांदी. फरशीसाठी वापरायच्या क्लोरीनच्या ब्लीचने हे धातू आणि डाग दिलेले सांधे कमकुवत होतात. फरशी पुसताना अंगठी काढून ठेवावी.

आणि दारावर येऊन ‘पॉलिश करून देतो’ म्हणणाऱ्याच्या हातात बांगडी कधीच देऊ नये. नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात सोनं विरघळतं. त्यात बुडवलेली बांगडी चकचकीत होऊन परत येते, विरघळलेलं सोनं त्याच्या द्रवात राहतं आणि पुढे तो ते वेगळं काढतो. पॉलिश करायचंच असेल तर ओळखीच्या शेटाच्या दुकानात, आपल्या डोळ्यांसमोर, आधी आणि नंतर काट्यावर वजन करून घ्यावं.